दिव्यांग मुलाच्या आईबापाला धीर नंतर द्या, आधी माहिती द्या

कळंब तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. एका आईने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत सात वर्षांच्या मुलाचे सगळे कागद होते. दिव्यांग प्रमाणपत्रही होते, पण त्याची मुदत संपून दीड वर्ष झाले होते. ती म्हणाली, "मुदत असती, हे कुणी सांगितलंच न्हाई. आन् तवा आम्ही ऊसतोडीला गेलतो."

कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातली हजारो कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मूल दिव्यांग असेल तर तपासणीची तारीख, व्यायाम, शाळा हे सगळे त्या सहा महिन्यांत सुटते. योजना कागदावर आहेत, पण त्या पालात पोहोचत नाहीत. म्हणून ही माहिती आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावी, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट: दोष आईबापाचा नाही

"मागच्या जन्मीचं भोगतंय" हे वाक्य आपल्या वस्त्यांतही अजून ऐकू येते. धम्म स्वीकारलेल्या घरातली माणसेसुद्धा मुलाला घेऊन देवऋषाकडे जातात, कारण दवाखान्यात कुणी नीट समजावून सांगितलेले नसते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, तो यासाठीच. दुःखी माणसालाच गुन्हेगार ठरवणारा हा विचार आहे. बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जनुकीय दोष ही खरी कारणे असतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हेही आपण लग्न ठरवतानाच बोलले पाहिजे.

दुसरी गोष्ट: वेळ

मूल सहा महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, वर्षाचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, तर "बाप पण उशिराच चालला होता" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मूल तिथे हजर ठेवा. पथक पुढे जिल्हा पातळीवर पाठवते, आणि तिथे जाणे टाळू नका. लहान वयात सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग जास्त होतो.

तिसरी गोष्ट: कागद

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया हे सगळे आता त्यात आहे. पूर्वी "यात बसत नाही" म्हणून परत पाठवलेले मूल आज कदाचित बसत असेल. पुन्हा विचारा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. वाढत्या वयाच्या मुलांचे प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचे असते. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक लाभ मिळतात.

त्यानंतर काय मागायचे?

शाळा: ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. "आमच्याकडे सोय नाही" हे उत्तर मान्य करू नका, नकार लेखी मागा. मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा.

दरमहा मदत: संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वार्षिक ५०,००० रुपये आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अनुदान २,५०० रुपये झाले आहे.

उपचार: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना निरामय विम्यातून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. थेरपीचाही त्यात समावेश आहे.

प्रवास: एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

गावचा निधी: ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उभे राहून विचारा: किती जमा झाली, कुणावर खर्च झाली?

१८ वर्षांनंतर: "आमच्यामागं याचं कोण?" ही प्रत्येक आईची भीती असते. निरामयच्या याच चार प्रकारांत कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिथे अर्ज करता येतो.

आपण काय करायचे?

१९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. त्या वारशाचा अभिमान आपण जयंतीला मिरवणुकीत दाखवतो. वर्षभर तो दाखवायचा तर प्रत्येक विहारात एक वही ठेवू या. वस्तीतले दिव्यांग मूल, त्याच्या प्रमाणपत्राची मुदत आणि कुटुंब ऊसतोडीला कधी जाते, एवढेच त्यात लिहायचे. वही दोन जबाबदार कार्यकर्त्यांकडेच राहील आणि पालकांना विचारूनच नाव लिहिले जाईल. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मोबाइलवर अर्ज भरायला द्यायचा. तपासणीच्या दिवशी त्या आईसोबत एकाने जायचे, कारण एकटी आई रांगेत उभी राहील की मुलाला सांभाळेल? टोळी गाव सोडण्याआधी कागदांच्या झेरॉक्स तिच्या हातात द्यायच्या.

त्या कळंबच्या मुलाचा नवा अर्ज आम्ही भरला आहे. तपासणीला जाताना आईसोबत आमच्यातला एकजण असेल. तुमच्या वस्तीतल्या मुलासोबत कोण जाणार, हे येत्या रविवारी ठरवा.

जय भीम.