कार्टूनमागचा बाईचा आवाज



मागच्या महिन्यात किल्लारीत आमच्या एका गटाची बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायची पाळी एका ताईंची होती. ताई दहावी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. पण वही काही हातात घेईनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "माझा आवाज बाप्यासारखा जाड हाय. बाया हसतात." वही दुसरीकडं गेली. आम्हाला मात्र ते लागून राहिलं. म्हणून आज आवाजाबद्दल बोलू, आणि आवाजावर नाव कमावलेल्या बायांबद्दल.

आपली लेकरं शाळेतून आली की दप्तर टाकून टीव्हीपुढं बसतात आणि डोरेमॉन लावतात. हा निळा, गोल, बिनकानाचा मांजरासारखा यंत्रमानव मूळचा जपानचा. जपानी टीव्हीवर 1979 ते 2005, अशी सव्वीस वर्षं त्याचा आवाज एका बाईंचा होता. त्यांचं नाव नोबुयो ओयामा.

ओयामा यांचा जन्म 1933 चा, टोकियोचा. लहानपणापासून त्यांचा आवाज घोगरा. मोठ्या शाळेत गेल्यावर पहिल्याच दिवसांत वर्गातल्या मुली त्यांच्या आवाजाला हसल्या. त्या इतक्या खजील झाल्या की शाळेत बोलणंच बंद केलं. आईच्या ते लक्षात आलं. आईनं समजावलं की जे कमजोर आहे ते वापरलं नाही तर आणखी कमजोर होतं, तेव्हा आवाज लपवू नको, वापर. मग त्या शाळेच्या ध्वनिक्षेपणाच्या मंडळात गेल्या आणि माइकवर बोलू लागल्या. पुढं नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि ज्या आवाजाला मुली हसल्या तोच आवाज जपानच्या घराघरांत गेला.

त्यांनी नुसता आवाज दिला नाही, विचारही केला. डोरेमॉन हा लेकराला सांभाळणारा, मग त्याच्या तोंडी वाईटसाईट शब्द नकोत, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. 2024 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या.

आता तुम्ही म्हणाल, पोराचा आवाज बाईनं का काढायचा? त्याचं कारण सोपं आहे. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो. मालिका तर वर्षानुवर्षं चालते. बाईचा आवाज तसा एकदम बदलत नाही. शिवाय लहान लेकराला तासन्‌तास कामाला बसवता येत नाही. म्हणून जपानमध्ये आणि आपल्याकडंही कार्टूनमधल्या कितीतरी मुलांचे आवाज बायाच काढतात. हिंदी डोरेमॉनचा आवाज कित्येक वर्षं सोनल कौशल यांचा होता. आणि लेकरांचा आवडता निंजा हातोरी हिंदीत बोलतो तो आपल्या मराठी मेघना एरंडे यांच्या आवाजात. नॉडीलाही त्यांनीच आवाज दिला.

या कामाला डबिंग म्हणतात. आवाज देणारी बाई बंद खोलीत माइकपुढं उभी राहते. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर चित्र. चित्रातलं तोंड उघडलं की बोलायचं, मिटलं की थांबायचं. वाक्य लांबलं तर त्याच अर्थाचा छोटा शब्द शोधायचा. पात्र धावत असेल तर जागेवर उभं राहून आवाजात दम लागलेला दाखवायचा. कापडाची सळसळ, बांगडीची किणकिण सुद्धा माइक पकडतो, म्हणून तीही चालत नाही.

चेहरा न दाखवता घराघरांत पोचलेल्या बाया आपल्याकडं पूर्वीही होत्या. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' नावाची श्रुतिका लागायची. त्यात पंत म्हणजे बाळ कुडतरकर, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी आणि मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. पुढं संगीतकार यशवंत देव यांच्याशी लग्न झाल्यावर त्या करुणा देव झाल्या. ऐकणाऱ्यांना त्यांचं तोंड दिसत नव्हतं. वहिनीचं हसणं, रुसणं, टोमणा मारणं, सगळं आवाजातूनच कळायचं. रेडिओवर कुजबुजायचं तर माइकजवळ यायचं, लांबून हाक मारायची तर मागं सरकायचं. हातातल्या कागदाचा आवाज होऊ द्यायचा नाही.

म्हणजे आवाज गोड आहे की जाड, यावर सगळं ठरत नाही. शब्द स्पष्ट आहे का, कुठं थांबायचं ते कळतं का, सांगायचं ते मनापासून आहे का, यावर ठरतं. आणि हे सगळं सरावानं येतं.

आपल्या भागाला हे नवं नाही. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीची माहिती सांगायला 'संवाद सहायक' म्हणून बायाच पुढं आल्या होत्या. घरात सुद्धा हळू बोलायची सवय असलेल्या कितीतरी जणी तेव्हा गावासमोर उभ्या राहिल्या. आज ग्रामसभेत, बँकेत, रेशन दुकानात आपण गप्प बसलो तर आपलं म्हणणं दुसरंच कुणीतरी सांगतं, आणि ते त्याच्या सोयीनं सांगतं.

मग सराव कसा करायचा? रोज पाच मिनिटं मोठ्यानं वाचा. पेपर वाचा, लेकराचं पुस्तक वाचा. ओरडू नका, घसा बसतो. एका दमात एकच वाक्य घ्या. मोबाइलवर आवाज भरून स्वतः ऐका. पहिल्यांदा आपलाच आवाज परका वाटतो. सगळ्यांनाच वाटतो, घाबरू नका. आणि गटात कुणी वाचत असेल तर बाकीच्यांनी हसायचं नाही, एवढा एक ठराव मात्र सगळ्या गटांनी घ्यावा.

त्या ताईंना आम्ही ओयामाबाईंची ही गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र इतिवृत्ताची वही पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. येत्या बैठकीत वाचन त्यांचं आहे.