परिचर्या क्षेत्रातील डॉक्टरेट पदवी : पात्रता, प्रक्रिया आणि व्यवहारातील अडचणी

प्रस्तावना :

विलेपार्ले हे उपनगर शिक्षणसंस्थांसाठी जसे ओळखले जाते, तसे ते रुग्णसेवेसाठीही ओळखले जाते. डॉ. बालाभाई नानावटी रुग्णालय आणि महापालिकेचे डॉ. आर. एन. कूपर रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालये याच परिसरात आहेत. अशा रुग्णालयांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या एखाद्या परिचारिकेने डॉक्टरेट मिळविण्याचा निश्चय केल्यास तिला कोणत्या अटी पूर्ण कराव्या लागतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्याआधी एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. तो ध्यानात न घेतल्यास वर्षे आणि पैसा दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

दोन प्रकारच्या डॉक्टरेट :

परिचर्येत पीएच.डी. आणि ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ (डी.एन.पी.) अशा दोन स्वतंत्र पदव्या आहेत. पीएच.डी. नवे ज्ञान निर्माण करते, तर डी.एन.पी. उपलब्ध ज्ञान प्रत्यक्ष सेवेत उतरविते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या शय्याव्रणांचे उदाहरण घेऊ. शय्याव्रण कोणत्या रुग्णांना व कोणत्या कारणांनी होतात, याचा पद्धतशीर शोध घेणे हा पीएच.डी.चा विषय होईल. रुग्णाची कूस बदलण्याची सिद्ध झालेली पद्धत एखाद्या कक्षात रुजविणे आणि व्रणांचे प्रमाण घटले का, हे मोजणे हा डी.एन.पी.चा प्रकल्प होईल.

डी.एन.पी. ही मुख्यतः अमेरिकेतील पदवी आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग या संस्थेने २००४ मध्ये प्रगत परिचर्येसाठी हीच पदवी असावी, असा ठराव केला आणि त्यासाठी २०१५ हे लक्ष्यवर्ष ठरविले. ते सर्वत्र साध्य झाले नाही. तथापि पदवीचा प्रसार झाला. तीत पदवीनंतरचे किमान १००० तासांचे पर्यवेक्षित प्रात्यक्षिक अपेक्षित असते. तेथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय परिचारिकेस साधारणपणे प्रथम ‘एन्क्लेक्स’ परीक्षा देऊन तेथील परवाना मिळवावा लागतो.

भारतात डी.एन.पी.ला समकक्ष पदवी रूढ नाही. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम तिच्या जवळचा आहे. परंतु तो पदव्युत्तर स्तराचा आहे, डॉक्टरेट नव्हे. म्हणून येथील परिचारिकेपुढे डॉक्टरेटचा प्रत्यक्ष मार्ग पीएच.डी.चाच उरतो.

पात्रता व प्रवेश :

चार वर्षांची बी.एस्सी. (नर्सिंग), राज्य परिचर्या परिषदेकडील नोंदणी, किमान एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षांची एम.एस्सी. (नर्सिंग) असा सर्वसाधारण क्रम आहे. पदविकाधारक परिचारिकेस मध्ये दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घ्यावी लागते. पीएच.डी.ची किमान तीन वर्षे धरता बारावीनंतर हा प्रवास दहा वर्षांपेक्षा कमी काळात क्वचितच पूर्ण होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना थेट प्रवेशाची तरतूदही या विनियमांत आहे. मात्र परिचर्येत एम.एस्सी.ची अपेक्षा रूढ असल्याने विद्यापीठाची अधिसूचना तपासूनच पुढे जावे. पार्ल्यातील परिचारिकेस प्रामुख्याने दोन विद्यापीठांचा विचार करता येतो : १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि चर्चगेट येथील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. दुसऱ्या विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून कार्यरत आहे.

कालावधी व कार्यपद्धती :

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रमकार्य पूर्ण करावे लागते. त्यात संशोधनपद्धती व संशोधन-नीती यांचा समावेश असतो. संशोधन सल्लागार समितीपुढे प्रत्येक सत्रात प्रगती मांडावी लागते. शेवटी प्रबंधाचे बाह्य परीक्षण आणि मौखिक परीक्षा होते. रुग्णांकडून माहिती घ्यावयाची असल्यास नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. या टप्प्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.

कमाल मुदत सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने ती दोन वर्षे वाढते. महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजेचीही तरतूद आहे. ज्या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया आहेत, तेथे या तरतुदींचे मोल विशेष आहे. नोकरी सांभाळून अंशकालीन पीएच.डी. करता येते, त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने मात्र ही पदवी घेता येत नाही. तशी जाहिरात आढळल्यास सावध राहावे.

व्यवहारातील अडचणी :

पहिली अडचण मार्गदर्शकाची आहे. विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थीच घेता येतात. त्यामुळे पात्रता असूनही जागा मिळेलच असे नाही. दुसरी अडचण पाळ्यांची आहे. रात्रपाळी करून सकाळच्या लोकलने चर्चगेट गाठणे काही दिवस जमते. काही वर्षे जमविण्यासाठी रुग्णालय आणि कुटुंब या दोहोंचा आधार लागतो. तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. आपल्याकडे पीएच.डी.नंतरची वाट बहुधा अध्यापनाकडे जाते. परिणामी सर्वाधिक शिकलेली परिचारिका रुग्णापासून सर्वाधिक दूर जाते.

समारोप :

अध्यापन व संशोधनाची ओढ असेल, तर पीएच.डी. हा योग्य मार्ग होय. रुग्णसेवेतच राहावयाचे असेल, तर पदव्युत्तर विशेष शिक्षणाचा विचार आधी करावा. पीएच.डी.च स्वीकारल्यास संशोधनाचा प्रश्न स्वतःच्या कक्षातून निवडावा. सामग्री हाताशी असते, रजा कमी लागते आणि निष्कर्षाचा उपयोग ज्यांच्याकडून माहिती घेतली त्याच प्रकारच्या रुग्णांना होतो. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. या नव्या व्यवस्थेत सेवाप्रधान डॉक्टरेटचा विचार झाल्यास रुग्णशय्येजवळ राहूनही सर्वोच्च पदवी मिळविता येईल. तोपर्यंत हे अंतर कमी करण्याचे काम संशोधक परिचारिकेलाच आपल्या विषयनिवडीतून करावे लागणार आहे.