मुंडगोडमधला मेंदूचा वर्ग

सकाळी ८.३०. हुबळीजवळच्या मुंडगोडचा ड्रेपुंग मठ. भिक्षूंचं पाठांतर पहाटेच झालेलं असतं. दलाई लामांच्या पुढाकारानं एमरी विद्यापीठानं २००६ मध्ये विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम हाती घेतला, तो आज थोरल्या गेलुग मठांच्या अंगणात पोचला आहे. समोर बसलेल्यांनी वर्षानुवर्षं प्रमाणशास्त्र, म्हणजे खरं ज्ञान कशानं मिळतं याचं शास्त्र, घोटलंय. त्यांना नवशिके समजून शिकवणं मला पटत नाही.

९. न्यूरॉन. पेशीच्या पटलावरचा पंप सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो. मी एक वाक्य बोलते, दुभाषा ते तिबेटीत सांगतो. "गेन-ला (गुरुजी), पंप थांबला तर मन थांबेल?" न्यूरॉन लगेच थांबत नाही, आयनांचा फरक टिकेल तोवर संदेश जात राहतात, एवढं मी सांगते. मनाचं उत्तर माझ्याकडे नाही.

११. अंधबिंदू. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका. डावा डोळा मिटून फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणला की ठिपका नाहीसा होतो. क्षणभर सगळा वर्ग गप्प, मग एकच गलका! जिथून डोळ्याची नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. ती जागा मेंदू भोवतालच्या पांढऱ्यानं भरतो. एक तरुण भिक्षू उठतो. तिमिर हा डोळ्याचा विकार झालेल्याला एकाच चंद्राचे दोन दिसतात, हा बौद्ध प्रमाणशास्त्रातल्या दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या परंपरेतला दाखला. तिथे दोष इंद्रियाचा. इथे डोळा निरोगी आहे, मग हे पांढरं दिसणं प्रत्यक्ष की भ्रम? वैद्यकाच्या वर्गात असा प्रश्न मी क्वचितच ऐकलाय.

दुपारी जेवण, विश्रांती.

२.३०. स्मृती. हेन्री मोलेसन या रुग्णाची गोष्ट. १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. तरीही आरशात बघून चांदणी गिरवण्यात हात रोज सुधारत गेला, आदल्या दिवशीचा सराव मात्र आठवत नसे. प्लास्टिकचा मेंदू हातोहात फिरतो. या वर्गासाठी कुठलाही जीव मारलेला नाही, आणि तसंच असावं.

संध्याकाळी वादाचं अंगण. बसलेला उत्तर देतो, उभा असलेला टाळी वाजवून पाय आपटत पेच टाकतो. 'हेतू असिद्ध' म्हणजे दिलेलं कारणच खरं नाही; 'व्याप्ती नाही' म्हणजे त्या कारणातून निष्कर्ष निघत नाही.

"स्मृती हिप्पोकॅम्पसमध्ये असते, तो काढला की ती जाते."

"हेतू असिद्ध. हेन्रींना बालपण आठवत होतं."

"नवी स्मृती तर घडत नाही!"

"व्याप्ती नाही. घडायला जे लागतं, तेच राहण्याचं ठिकाण असेल असं नाही."

मेंदूविज्ञानाला ही भेदरेषा स्पष्ट करायला कितीतरी रुग्ण आणि प्रयोग लागले. सकाळी ज्यांना न्यूरॉन नवा होता, ते संध्याकाळी तिच्यावर वाद घालताहेत. परीक्षेची उत्तरपत्रिका मला हे कधीच दाखवत नाही.

रात्री ९. उद्याचं टिपण काढते: 'नव्या घटनांची स्मृती घडायला हिप्पोकॅम्पस लागतो.' 'साठवतो' हे क्रियापद टाळते. ते लिहिलं तर पहिल्या पाच मिनिटांत पुरावा मागतील.