आयव्हीएफपूर्व शस्त्रक्रिया : कोठे आवश्यक, कोठे अनावश्यक

ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही गर्भसंभवाची चार अंगे सुश्रुतसंहितेत सांगितली आहेत. आयव्हीएफमध्ये बीजसंयोग शरीराबाहेर घडवता येतो. परंतु गर्भ रुजतो तो क्षेत्रातच. म्हणून क्षेत्रातील काही विकृती आधी शस्त्रक्रियेने दूर कराव्या लागतात. अनेक दांपत्ये प्रथम वैद्यांकडेच येत असल्याने हा विषय आपणांस अवगत असावा, असे आम्हांस वाटते.

सर्वांत महत्त्वाची विकृती हायड्रोसाल्पिंक्स. बीजवाहिनीचे बाहेरील टोक बंद होऊन तीत द्रव साठतो. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षय हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. हा द्रव गर्भाशयात झिरपल्याने आयव्हीएफच्या यशाची शक्यता सुमारे निम्म्याने घटते. सोनोग्राफीत दिसण्याइतकी नलिका फुगली असल्यास ती काढल्याने यश वाढते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत आढळले. काढणे अवघड असल्यास ती गर्भाशयालगत बंद करतात. अशा रुग्णेस उत्तरबस्ती देऊ नये. सुप्त जंतुसंसर्ग उफाळण्याचा धोका असतो.

गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेले फायब्रॉइड व पॉलिप हिस्टेरोस्कोपीने काढतात. गर्भाशयाच्या बाह्य पृष्ठभागावरील फायब्रॉइडला केवळ वंध्यत्वासाठी हात लावण्याचे कारण नसते. गर्भाशयातील पडदा कापल्याने अपत्यप्राप्ती वाढते, असे २०२१ च्या तौलनिक चाचणीत दिसले नाही. बीजकोशातील चॉकलेट सिस्ट काढताना निरोगी बीजेही नष्ट होऊ शकतात; म्हणून तीव्र वेदना वा अर्बुदाची शंका नसल्यास ती सरसकट काढीत नाहीत.

पुरुषांत हातास लागणारा व्हेरिकोसील आणि सदोष शुक्रपरीक्षण दोन्ही असतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. शुक्रनिर्मितीस सुमारे अडीच महिने लागत असल्याने परिणाम तीन महिन्यांनंतर पाहावा.

येथे काळ हा सर्वांत मोठा घटक आहे. स्त्रीचे वय ३५ वर्षांहून अधिक असल्यास सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे. बंद नलिका औषधाने उघडेल या आशेवर वर्षे घालविल्यास क्षीण झालेले बीज परत मिळत नाही.

औषधालयचालकांनीही एक दक्षता घ्यावी. शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णास चालू असलेल्या सर्व काढे, गुग्गुळकल्प व भस्मांची लेखी यादी शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना दाखविण्यास सांगावे. प्रकृती, आहार आणि मनोबल सांभाळण्याचे आपले कार्य शस्त्रक्रियेपूर्वी व नंतरही तितकेच मोलाचे आहे.