रात्रीची दारू, सकाळची गाडी

दारूचा रेणू लहान आणि पाण्यात सहज विरघळणारा. त्यामुळे ती अन्नासारखी पचवावी लागत नाही, थेट रक्तात उतरते. साधारण पाचवा हिस्सा जठरातून जातो, उरलेला लहान आतड्यातून. पोटात जेवण असलं तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि दारू हळू चढते, पण चढतेच. शेवटच्या घोटानंतरही अर्धा-पाऊण तास रक्तातलं प्रमाण वाढत राहू शकतं. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत माणूस किल्ली उचलतो तो पुष्कळदा याच वेळात, म्हणून मला ही वेळ फार धोक्याची वाटते.

रक्तातून दारू शरीरातल्या पाण्यात पसरते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असल्याने तेवढ्याच पेगने त्यांच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं.

उतरण्याचं गणित मात्र वेगळं आहे. श्वास, घाम आणि लघवीवाटे जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत दारू बाहेर पडते (पोलिसांचं यंत्र पकडतं ती श्वासातली). बाकी सगळा भार यकृतावर. तिथली विकरं तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेट करतात. ही विकरं थोड्याशा दारूनेच पूर्ण गुंतून जातात. म्हणून दोन पेग असोत की सहा, वेग जवळपास तोच राहतो: 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे 15 मिलिग्रॅम. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी तो वाढत नाही. झोपेनेही नाही.

हळदीच्या रात्रीचा हिशेब मांडू. सत्तर किलोच्या पुरुषाने दहा ते बारा या वेळात एक क्वार्टर, म्हणजे 180 मिलिलिटर व्हिस्की घेतली. 42.8 टक्क्यांच्या हिशेबाने पोटात सुमारे 61 ग्रॅम अल्कोहोल गेलं. बाराच्या सुमारास रक्तात साधारण 100 मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा आहे 30. लक्ष विभागणं आणि अंदाज बांधणं तर त्याच्याही आधी ढासळू लागतं. पहाटे चारला वऱ्हाडाची गाडी काढली, तर चालवणाऱ्याच्या रक्तात अजून 40 आहेत. तिशीखाली यायला पावणेपाच, शून्यावर यायला पावणेसात. आणि ज्याचं यकृत ताशी 10 च उतरवतं, त्याला सकाळचे दहा वाजतील.