पाटल्या कुणी नेल्या? डिमेन्शियातला संशय आणि सेरोटोनिन

आजचा भाग थोडा घरचा आहे. ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर, बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'बघा' काही ठिकाणी तसेच ठेवलेत.

माझी आजी आयुष्यभर कुणाला उलट बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिनं माझ्या आईचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "माझ्या पाटल्या तूच नेल्यास." पाटल्या तिच्याच उशीखाली होत्या. काढून दाखवल्या तर म्हणे, "आता आणून ठेवल्यास." आई त्या रात्री जेवली नाही. आजीचं विसरणं आम्ही स्वीकारलं होतं हो, पण हा संशय? आईला वाटलं, इतकी वर्षं सासूबाईंच्या मनात हेच होतं की काय.

तर, नाही. चिडचिड, आळ घेणं, भास, येरझारा, रात्रीचं जागरण, एकदम गप्प होऊन बसणं, ही सगळी डिमेन्शियाचीच लक्षणं. बहुतेक रुग्णांत यातलं काही ना काही कधीतरी दिसतंच.

आता थोडं मेंदूत शिरू. मेंदू जिथं खाली पाठीच्या कण्याला जोडला जातो, त्या ब्रेनस्टेममध्ये राफे नावाचे पेशींचे छोटे पुंजके आहेत. मेंदूतलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन इथल्या पेशींकडून येतं. पेशी थोड्याच, पण त्यांचे धागे पार कपाळामागच्या भागापर्यंत पसरलेले. एक पेशी सेरोटोनिन सोडते, मधली फट ओलांडून ते पुढच्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटतं, आणि उरलेलं पहिली पेशी पंपासारखं परत ओढून घेते. झोप, भूक, मूड आणि मुख्य म्हणजे आलेला राग आवरणं, या सगळ्यात या निरोपाचा वाटा असतो.

(केळी खा, सेरोटोनिन वाढवा, असे रील्स बघितले असतील. केळ्यात ते असतं, खरंय. पण पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळं आवडीनं खा, एवढंच.)

अल्झायमरमध्ये टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते या राफे पेशींत फार लवकर दिसतात. पुढे पेशी मरत जातात आणि निरोप क्षीण होतो. म्हणजे बघा, पाटल्या कुठं ठेवल्या ही आठवण तर गेलीच, पण "थांब, आधी नीट शोधू" म्हणणारा ब्रेकही सैल झाला. अर्थात सगळं सेरोटोनिनवर ढकलता येत नाही, त्यात डोपामिन आणि इतर रसायनंही आहेत.

मग सेरोटोनिन वाढवणारी गोळी द्यायची की झालं? इथंच गंमत आहे. 2014 मध्ये सिटालोप्रॅमच्या एका चाचणीचे निकाल आले. हे औषध तो परत ओढणारा पंप अडवतं. अल्झायमर आणि अस्वस्थपणा असलेले 186 रुग्ण, नऊ आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना ठळक फरक पडला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 26 टक्क्यांना. फायदा झाला, पण हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम दिसला आणि बुद्धीच्या चाचणीत गुण थोडे घसरले. चाचणीत डोस होता रोज 30 मिलिग्रॅमपर्यंत, तर अमेरिकेच्या एफडीएनं साठीपुढच्यांसाठी 20 ची मर्यादा घातलेली. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये मिर्टाझापिनची चाचणी झाली. तेही सेरोटोनिनच्या काही रिसेप्टरवर काम करतं. दिखाऊ गोळीपेक्षा काहीच जास्त फायदा नाही!

मला पटतं ते असं: पंप अडवून फटीत सेरोटोनिन साठवायचं, पण ते सोडणाऱ्या पेशीच कमी झाल्या असतील तर साठणार किती?

आमच्याकडे पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'शांत राहण्याची' गोळी लिहून दिली. अँटिसायकॉटिक होती. आजी दिवसभर पेंगायची. या जातीच्या औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा एफडीएनं 2005 मध्येच दिलाय. कधीकधी ती द्यावी लागतात, पण तो धोका आम्हाला कुणी सांगितलाच नाही. (ऐकून लगेच गोळी बंद करू नका हं, आधी डॉक्टरांना विचारा.)

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला लावली. इन्फेक्शन निघालं. शिवाय बद्धकोष्ठता, आणि कानात मळ. दुखतंय हे आजीला सांगता येत नव्हतं, म्हणून ती भांडत होती! उपचारानंतर संध्याकाळच्या कटकटी बऱ्याच कमी झाल्या. संशय मात्र पूर्ण गेला नाही.

आई आता "मी नाही घेतल्या" असं म्हणतच नाही. "चला आई, दोघी मिळून शोधू," म्हणते. परवा तांदळाच्या डब्यात पाटल्या सापडल्या. आजी म्हणाली, "बरं झालं गं तू होतीस, त्या दुसरीनं नेल्या असत्या."