कारखान्याला जे सांगितलंच नाही

ऑगस्ट २००७मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीने जगभरातून खेळणी परत मागवली, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चीनमधले बेफिकीर कारखाने आणि शिशाचा विषारी रंगच आला. रंगाचं प्रकरण खरं होतं. आधी मॅटेलच्याच फिशर-प्राइस ब्रँडची सुमारे १५ लाख खेळणी परत आली, मग ‘सार्ज’ नावाच्या छोट्या जीपचे सुमारे ४ लाख ३६ हजार नग. पण त्याच महिन्यात परत मागवलेल्या चुंबकाच्या खेळण्यांचा आकडा सुमारे १ कोटी ८२ लाख होता, आणि तिथे दोष आराखड्याचा होता. खेळण्यातला इवलासा, जबर ताकदीचा चुंबक निसटू शकत होता. मुलाने असे दोन चुंबक गिळले, तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधल्या भिंतींना भोक पडतं. सप्टेंबरमध्ये मॅटेलचे वरिष्ठ अधिकारी थॉमस डेब्रोव्स्की यांनी बीजिंगमध्ये माफी मागितली आणि परत मागवलेल्या मालापैकी बहुतांश मालात चूक कंपनीच्या डिझाइनची होती, असं कबूल केलं.

नवं खेळणं घेऊन कारखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाने हा कबुलीजबाब लक्षात ठेवावा. पहिल्या बैठकीतला बहुतेक वेळ नगाचा दर पाडण्यात जातो. माझ्या मते तो वेळ चुकीच्या जागी खर्च होतो. कारखाना कागदावर लिहिलेलं बनवतो आणि न लिहिलेलं आपल्या सवयीने, सोयीने भरून काढतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. ‘लाल प्लास्टिक’ एवढंच लिहिलं, तर प्लास्टिकचा दाणा व्हर्जिन की रिप्रोसेस, लाल नेमका कुठला, पृष्ठभाग चकचकीत की मॅट, हे सगळं मशीनवरचा माणूस ठरवतो. कोणाला तरी ते ठरवावंच लागतं, कारण दाणा हॉपरमध्ये ओतल्याशिवाय पाळी सुरू होत नाही.

मोल्डच्या बाबतीत ही उणीव सर्वांत महाग पडते. स्क्रीनवर सुरेख दिसणाऱ्या गाडीच्या भिंती अगदी सरळ उभ्या असतील, तर थंड झालेला नग मोल्डच्या पोलादाला धरून बसतो, सुटताना ओरखडतो. म्हणून भिंतींना एखाद-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. भिंत एका जागी जाड आणि शेजारी पातळ असेल, तर जाड भाग उशिरा थिजतो, आत आकसतो आणि वर खळगा पडतो. हा सिंक मार्क बहुधा बाहेरच्या बाजूने दिसतो, आतल्या रिबच्या, म्हणजे आधाराच्या पट्टीच्या, नेमका पाठीमागे. दोन भाग टचकन बसायचे असतील, तर जाणता मोल्डवाला साच्यात थोडं पोलाद मुद्दाम राखून ठेवतो. पहिल्या ट्रायलला बसणी सैल येते. मग जिथे हवं तिथे पोलाद कापून तो नग घट्ट करत नेतो. कापणं सोपं असतं. कापलेलं पोलाद परत भरायचं तर वेल्डिंग करावं लागतं आणि त्याचा व्रण पुढच्या प्रत्येक नगावर उमटू शकतो. कुठली बसणी किती घट्ट हवी, हे मोल्ड कापायच्या आधी सांगितलं असेल, तरच त्याला ही मुभा राहते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारं कारखान्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, मग त्याला कागदात कशाला बांधायचं? त्यात तथ्य आहे, म्हणूनच कागद पक्का होण्याआधी टूलरूमच्या माणसाजवळ बसावं, त्याला ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहू द्यावं, तो ‘हे निघणार नाही’ म्हणाला तर का ते समजून घ्यावं. त्याचं ज्ञान कागदावर उतरलं, तरच ते दुसऱ्या पाळीतल्या माणसापर्यंत पोचतं. दुसरा आक्षेप विश्वासाचा: जुनी ओळख असली की एवढं लिहावं लागत नाही. मॅटेलची शिशाच्या रंगाची पहिली खेळणी बनवणारा कारखाना त्या कंपनीसाठी १५ वर्षं काम करत होता, आणि ‘सार्ज’चं रंगकाम मूळ कारखान्याने दुसऱ्याकडे दिलं, तिथे मंजूर नसलेला रंग आला. विश्वास समोरच्या माणसावर असतो. त्याच्यामागचा रंगवाला, रंगवाल्याच्या मागचा रंगद्रव्यवाला आपल्याला कधी दिसतही नाही. म्हणून काम बाहेर द्यायचं नाही आणि रंगाच्या प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल हवा, या दोन ओळी करारात असाव्याच लागतात.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. वसई किंवा भोसरीच्या एखाद्या छोट्या शेडमध्ये काही हजार नग काढू पाहणाऱ्याला तपासणीचा प्रत्येक रुपया जड जातो. पण १ जानेवारी २०२१पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि परवाना मिळतो तो बनवणाऱ्या कारखान्याला, त्याच्या पत्त्यावर. स्वतःचा कारखाना नसलेल्या डिझायनरने दराआधी परवाना विचारावा, आपल्या प्रकारचं खेळणं त्यात बसतं का तेही पाहावं. काही चाचण्या तर टेबलावरच करता येतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण बसला, तर ते खेळणं नापास. गाडीचं चाक या मापाहून मोठं काढायचं, हा निर्णय ड्रॉइंगवर फुकट होतो. मोल्ड कापल्यानंतर त्याला नवा मोल्ड लागतो.

एवढं झालं की मंजूर नगावर दोघांनी सह्या करायच्या, तारीख घालायची, पिशवी सील करायची. एक पिशवी आपल्याकडे, एक मशीनशेजारी. सोबतच्या कागदावर मोल्डची मालकी कोणाची तेही लिहायचं. वर्षभराने दुसरी ऑर्डर जाते तेव्हा सुपरवायझर बदललेला असतो, दाण्याचा पुरवठादारही कदाचित बदललेला असतो, आणि नव्या माणसाला कुठला लाल हवा होता ते ती पिशवी पाहूनच कळतं.